विमलाअक्कांनी बंद केलेलं चित्र

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे हणमंतराव, सत्कारमूर्ती विमलाअक्का, आणि चिकपेटपासून सर्जापूर रोडपर्यंतची गर्दी कापत आलेल्या सर्व मंडळींना माझा नमस्कार.

मी मनस्विनी, अक्कांच्या हाताखाली तयार झालेली इंजिनिअर. अक्कांना कंपनीनं निरोप दिला नाही, नुसतं काढून टाकलं. मग या कानडी शहरातल्या आपल्या मराठी मंडळानं का गप्प बसावं? म्हणून हा समारंभ.

ड्रोनचा कॅमेरा टिपतो ते चित्र बिनतारी जमिनीवरच्या पडद्यावर आणायचं, हे आमचं काम. पुरात बचाव पथकाला ते लागतं. पथकाला चित्र तलावाच्या पलीकडच्या काठावरूनही हवं होतं. अक्कांचं म्हणणं, मध्ये दुसरा ड्रोन ठेवू, तो चित्र झेलून पुढे पाठवील. त्याला वेळ लागणार होता आणि आमचे साहेब नागराज यांना धीर नव्हता. त्यांनी परवानगीपेक्षा जास्त ताकदीचा ट्रान्समीटर बसवायला सांगितला. अक्कांनी नकार दिला, तर दुसऱ्याकडून बसवून घेतला.

प्रात्यक्षिकाला चित्र काय सुरेख आलं म्हणता! कंपनीनं बोलावलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र पडद्यावर दिसणाऱ्या पथकाच्या नावेकडे पाहत होत्या. ती सांडव्याकडे ओढली जात होती. पथकप्रमुख योगीराज वॉकीटॉकीवरून तिला माघारी बोलवत होते, पण आमच्या ट्रान्समीटरच्या जोरापुढे नावेत काहीच ऐकू जात नव्हतं. अक्कांनी सगळ्यांदेखत ट्रान्समीटर बंद केला. पडदा काळा झाला. योगीराजांच्या पुढच्या हाकेला नाव वळली.

संध्याकाळी नागराज म्हणाले, "पाहुण्यांची माफी मागा, नोकरी राहील."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "आधी नावेतल्या माणसांना विचारून येते."

माफी मागायला त्या परत गेल्या नाहीत, आणि कंपनीनं त्यांना काढून टाकलं. योगीराजांनी कंपनीचं यंत्र नाकारलं. शिवाजीनगरात एका वर्कशॉपच्या माडीवर अक्कांनी दुसऱ्या ड्रोनचं काम पुन्हा हाती घेतलं, आणि गेल्या रविवारी पलीकडच्या काठावरून चित्र आलं. स्वल्प दाणेदार होतं, खोटं कशाला बोलू? पण नावेत योगीराजांचा शब्दन् शब्द पोचत होता.

काल मीही राजीनामा दिला. सोमवारपासून त्याच माडीवर माझं टेबल असेल.

मंडळानं हे सभागृह दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आमचं घरचं मराठी कानडीत भिजलेलं; शब्द कुठे घसरले असतील तर पोटात घाला. घडलेलं मात्र कुणीही, कुठेही विचारलं, तरी मी असंच सांगेन.