पानांच्या ढिगातली उडी

मान आखडलेला शिंपी हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला होता. मान वळत नव्हती, पण कान शाबूत होते. मागच्या बाकावर मायलेकींची जुंपली होती.

"आई, पाय सुजून भोपळा झालाय! पानांच्या ढिगात उड्या मारायचं वय आहे का हे तुझं?"

"पानगळीचे दिवस, माळ्यानं कमरेएवढा ढीग रचलेला. चिंगीनं मारली, मग मीही मारली."

"आजी माझ्यापेक्षा लांब गेली!" एक चिमुकला आवाज किंचाळला.

"तू गप्प बस गं, चिंगे! उद्यापासून हिला पाळणाघरात ठेवते. आई, तुझ्या भरवशावर नकोच."

"ठेव की. संध्याकाळी तिथून बागेत नेईन. लंगडत नेईन, पण नेईन."

"लहानपणी मला साधं कठड्यावर चढू द्यायची नाहीस! सारखं आपलं 'पडशील, पडशील'!"

"मग पडलीस कधी?"

"नाही."

"आणि उडी मारलीस कधी?"

शिंप्याला राहवेना. मान वळेना, म्हणून तो अख्खाच वळला.

"आई," चिंगी समजावत होती, "चपला काढून मारायची हं. आजीनं काढल्या नव्हत्या, म्हणून पाय मुरगळला."