माझ्या नावावरचा हार

अगं सुमे, परवा परळच्या बँकेत काय झालं ऐक. विनय मला सोडून गेला, पण क्रेडिट कार्ड माझ्या नावावर. वापरलं त्याने, फेडायचं मी. हप्ते बांधून द्या म्हणून हात जोडले. ऑफिसर बिचारा चांगला होता.

"मॅडम, पाच वर्षांचे हप्ते करून देतो. पण यात सोन्याच्या हाराचंही बिल आहे. तो मोडलात तर हप्ता निम्म्यावर येईल."

"सर, हार माझ्याकडे नाहीये."

"मग लॉकरमध्ये?"

"नाही. तो ज्या बाईच्या गळ्यात आहे, माझा नवरा आता तिच्याकडेच राहतो."

त्याने मान खाली घातली आणि पेन पुढे केलं. मी सही केली गं. दुसरं काय करणार होते?