चौकट सरळच आहे

हॅलो?… कोण?… ताई, तू होय! नाही गं, झोपलो नव्हतो. नाव नीट दिसलं नाही फोनवर… अगं चष्मा नव्हता लावला, एवढंच.

डोळा? मस्त. एकदम मस्त… हो, हो… अगं ऐक ना, ऑपरेशन होऊन पाच-सहा आठवडे झाले. पडदा निसटला होता, तो चिकटवला. आता काय व्हायचंय? पालथं झोपून झोपून मान तेवढी मोडली.

गॅसचा बुडबुडा? पडदा दाबून धरायला डोळ्यात भरलेला तो? विरत आलाय. खाली टिकलीएवढा दिसतो, चाललं की डुचमळतो… कामावर? सोमवारी जाईन म्हणतो. एक कपाट अर्धवट पडलंय, दुसऱ्या कुठल्या सुताराला हात लावू देणार नाहीये मी त्याला…

काय?… कसली सावली?… छे! कोण म्हणालं?… नाही ताई… नाही म्हटलं ना!

…

बरं. ओरडू नकोस. आहे. थोडीशी. परवापासून… बुडबुड्याचीच असेल… हो, बुडबुडा खाली दिसतो, मीच म्हणालो आत्ता. सावली वरून येतेय. कळतंय मला… कळतंय म्हणून तर बोललो नाही!

अगं, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पडदा चिकटतो, पण आत सूज राहिली तर डोळा स्वतःच कसलीशी रसायनं सोडतो. या, जखम भरा, म्हणून पेशींना बोलावणं. त्या येतात, पडद्यावर बसतात, व्रण धरतात… हो, जखम भरते ते चांगलंच. हाताला पटाशी लागली, व्रण राहिला, काय बिघडतं? पण डोळ्यातला व्रण आकसतो, ताई. आकसताना पडद्याला सुरकुत्या पाडतो आणि भिंतीवरून ओढून काढतो. पुन्हा… नाही, सगळ्यांचं नाही होत. थोड्यांचंच होतं म्हणाल्या. मी म्हटलं, त्या थोड्यांत मी कशाला असेन?

आत्ता?… नको… ताई, नको ना… बरं. थांब. चांगला डोळा झाकतो. काय बघू?… दार?

…

आहे गं मी. ऐकतोय.

चौकट… मधोमध वाकलीये. पोट काढल्यासारखी. ताई, ही चौकट मी बसवलीये, ओळंबा लावून. केसभर हलली नाही इतक्या वर्षांत. लाकूड नाही वाकलं. हा… हा डोळाच…

नाही, रडत नाहीये. त्या डोळ्याला पाणी येतं तसंही.

हिला? नाही सांगितलं. कसं सांगू? रात्र-रात्र जागलीये, थेंब घालायला उठलीये. आता कुठे जरा हसायला लागली होती… काय?… काय म्हणालीस?… हिनंच? हिनं फोन केला तुला?… कधी, सकाळी?… पाणी पेल्याच्या बाहेर ओततोय म्हणाली? अगं, मी लगेच पुसलं होतं…

थांब. ही दारातच उभी आहे.

(तू कधीपासून ऐकतेयस?… ऐक तर… अगं, तुला उगाच घोर नको म्हणून… हो, चुकलं… चुकलं म्हटलं ना!)

ताई, हिनं चपलासुद्धा घातल्यात. दवाखान्यात फोन करून ठेवलाय म्हणते. लगेच या, काही खाऊ-पिऊ नका, असं सांगितलंय… म्हणजे आजच करणार बहुतेक. तो व्रण चिमट्यानं सोलून काढतात म्हणे, कांद्याच्या पापुद्र्यासारखा… आणि नाही निघाला तर?… नाही, तू मोठी आहेस, तू सांग. नाही निघाला तर?

…

'माहीत नाही' म्हणालीस ते बरं केलंस. खोटं ऐकवलं नसतं मला.

भीती वाटतेय गं. पहिल्या वेळी नव्हती वाटली एवढी. तेव्हा काही ठाऊकच नव्हतं… हो, निघालो. निघालोच. (आलो गं!) नाही, तू इतक्या लांबून धावत येऊ नकोस… बरं, ये. ये तू.

जिन्यावर आहे आता. ह्या बाजूची पायरी… थांब… दिसत नाही नीट. (धर गं. इकडून नाही, ह्या बाजूनं. घट्ट.)

ठेवतो ताई. हिचा हात धरायचाय.