गॅलरीतला मोगरा

रोपांच्या नर्सरीत बिलाच्या रांगेत उभी होते. लेक नुकतीच खांद्यावर झोपली होती. माझ्यापुढे एक पोक्त नवरा-बायको होते. नवरा हातातली रोपं दाखवत होता.

"मागं ह्यो उंच स्नेक प्लांट, मधी रंगीत पानांचा कोलियस, पुढं लोंबता मनीप्लांट. समदं एकाच कुंडीत. गॅलरी कशी झ्याक दिसंल!"

"आन् माजा मोगरा?"

"त्याला ऊन लागतं. आपल्या गॅलरीत ऊन हाय का?"

"मांजरी गावच्या आपल्या रानात कसा फुलायचा?"

"तितं ऊन व्हतं."

"मग ते रान कुनी इकलं?"

"झालं सुरू! बिल्डरनं त्याच रानात फ्लॅट दिलाय की."

"पहिल्या मजल्यावर. आन् समोर बावीस मजले चढवले. आपल्याच रानाची सावली आपल्या गॅलरीत पडती."

"हळू बोल. मागं त्या ताईंचं बाळ झोपलंय."

"रान इकताना बरं न्हाई इतकं हळू बोललात! गावभर पेढं वाटलं."

"बरं बाई, घे मोगरा. पर फुलायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"न्हाई फुलला तर न्हाई. रोज पानी तुमी घालायचं. आन् कळी का धरंना, ते मी रोज इचारनार."