तीन घरं आणि कंपाउंडरचा बूट

...आणि वर कव्हरावर आठाचा आकडा दात काढून हसतोय! आकडा कधी हसतो का हो? जन्मभर आकडे बघितले, एक हसला नाही. पण चिरंजीवांनी आणलं हे कोड्यांचं पुस्तक नातीसाठी. "बाबा, कोड्यांनी डोकं तल्लख होतं." अरे, पोरीचं डोकं म्हणजे काय चामडं कापायची बोथट रापी आहे, घासायला? नाही, मी म्हणतो, कशाला?

तुम्हाला सांगतो, आत काय, तर तीन घरं. प्रत्येक घराला पाणी, वीज, गॅस, तिन्ही जोडायचं, पण एक रेघ दुसरीवरून जाता कामा नये! आमच्या गल्लीत ये म्हणावं! गटारावरून पाइप, पाइपावरून वायर, वायरीवर शेजारणीचा परकर... कुणाचं काही अडलं?

आता माझं दुकान बूट-चपलांच्या दुरुस्तीचं. टाच मारली की आकार राहावा म्हणून बुटात पुढे कागदाचा बोळा कोंबायचा. रद्दी संपलेली. पुस्तक समोर. फाडली शेवटची पानं, कोंबली दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बुटात! म्हटलं, एकदाचा उपयोग झाला.

संध्याकाळी नात आली. "आजोबा, उत्तरांची पानं कुठायत?"

उत्तरं? शेवटी? मग पुढेच छापा की लेको!

"मी आठवडाभर ते घरांचं कोडं सोडवतेय, आजोबा. आज बघणार होते."

झालं. कट्टी! शाळा सुटली की माझ्याजवळ बसून चिवचिवणारी पोर, आता मान ताठ करून दुकानावरून सरळ पुढे जाते. नुसती हातोडी वाजत राहते हो... करमत नाही. एका पुस्तकापायी! नाही, मी म्हणतो, कशाला?

बूट तर कंपाउंडर कधीच घेऊन गेलेला. गेलो दवाखान्यात. कंपाउंडर लंगडत औषधं देतोय. मला बघून भडकलाच, "काका, बूट आवळलात की काय? बोटं वाकडी झाली माझी!" बोळा न काढताच घालून फिरत होता शहाणा!

"काढा."

"इथे? पेशंट बसलेत!"

"काढा म्हणतो ना!" खाली बसलो, ओढला बूट, उपसला बोळा. बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणते, "अगं बाई, रिपोर्ट आता पायातनं काढतात वाटतं!"

दुकानात येऊन बोळा मांडीवर सरळ केला, पोरीला हाक मारली. वासाचं विचारू नका. पोरीने नाक दाबून वाचलं, "उत्तर: अशी जोडणी करणं अशक्य आहे. का, याचा विचार करा."

अशक्य! आठवडाभर पोरीला जुंपलं, कंपाउंडरला लंगडा केला, आणि अशक्य? मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं तर तोच बूट माझ्या टाळक्यात बसला असता!

आणि पोर? उड्या मारतेय! "मला वाटलंच होतं! पण का नाही जमत, आजोबा? सरका ना, बसू द्या."

सरकलो. न सरकून सांगतो कुणाला?

आता दुकानातल्या प्रत्येक कातड्याच्या तुकड्यावर खडूची तीन-तीन घरं आहेत. गिऱ्हाइकं खोळंबलीत. आठ जोडण्या बरोबर बसतात हो, नववीच मेली आडवी येते... नाही, मी म्हणतो... का?