एका बाहीचा कोट

—हलू नका सर, टाचण्या आहेत, टोचतील — नाही, दुसरी बाही लागलेली नाही अजून, ती ही काय माझ्या मांडीवर, पाच मिनिटांचं काम. सत्कार सहाला ना? गाडी खाली उभीये? राहू दे उभी. आधी सांगा, पाऊण भागिले एक अष्टमांश किती? सहा! बघा, अजून तोंडपाठ. अष्टमांश उलटा करून गुणलात — पण उलटा का? हसताय काय? सातवी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. मी विचारलं होतं, सर, भागलं की कमी व्हायला हवं, मग पाऊणाचे सहा कसे झाले? तुम्ही म्हणालात, ‘उलटा, गुणा आणि गप्प बसा, काबाई!’ काबाई! वर्ग असा हसला, की छपराचे दोन पत्रे उडाले — बरं, एक. आणि मी वर्षभर गणिताच्या तासाला दाराबाहेर. वडील म्हणाले, उभंच राहायचं तर घरी मशीनवर तरी बस. संपली शाळा.

मला कात्रीनं शिकवलं ते. पाऊण मीटर पट्टी, एका खिशाला अष्टमांश मीटर. अख्ख्या मीटरमधून आठ तुकडे निघतात — म्हणून आठानं गुणायचं. माझ्याकडे पाऊणच मीटर, म्हणजे आठाचे पाऊण, सहा. सहा खिसे! भागणं म्हणजे एवढंच की हो, ह्यात ते किती वेळा बसतं. अर्धं मिनिट लागलं असतं तुम्हाला सांगायला. हे कळलं त्या दिवशी मी त्याच पट्टीत तोंड खुपसून रडले — म्हणजे, बोटाला कात्री लागली होती, म्हणून. गणित आवडायचं हो मला. जाऊ दे.

मान डोलावू नका. तेव्हा मीही नुसती मान डोलावली असती, तर वर्गात बसले असते. आता पाऊण भागिले दोन तृतीयांश. उत्तर नकोय, उत्तर माझ्या मशीनलाही येतं — दोन तृतीयांश उलटा का करायचा, ते तुमच्या शब्दांत सांगा, की बाही लावलीच समजा... काय? नियम आहे? चाळीस वर्षं शिकवलंत, आणि नियम आहे? — हॉर्न वाजतोय खाली, ऐकू येतोय मला.

कोट असू दे अंगावर. ते दार दिसतंय ना? त्याच्या बाहेर उभे राहा, सर. भिंतीला टेकायचं नाही. सुचलं की वाजवा.