नळाच्या मुंग्या

—नाही, पुन्हा लावत नाही. एकदा पाहिलं तेवढं पुरे. दिवा लागला, नळाला टेस्टर टेकवला आणि दिवा लागला. घे तुझा टेस्टर, माझ्या हातात कशाला दिलास तो? विकास ना तुझं नाव? बस त्या स्टुलावर. आमचं सगळं नरसी गाव हिंगोलीला कामावर निघतं त्या वेळेला तू हिंगोलीहून इकडे आलास. अनिरुद्धनं पाठवलं असेल तुला. मुलगा माझा — पुण्यात बसून इथलं सगळं बघतो. हा गीझरही त्यानंच पाठवला, आईचे गुडघे दुखतात म्हणून. तांब्याचा बंब होता आमचा, तो काढला. मीच म्हटलं, काढा, धूर नको.

अर्थिंग? तेच सांगतो. अठ्ठावीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवलं, दाराच्या पाटीवर डॉक्टर लिहिलंय — वाचलं असशील. अर्थिंगचा खड्डा अंगणात, तुळशीच्या उजव्या हाताला. म्हणजे होता. मीटर बसवणाऱ्या वायरमननं गंगूला, म्हणजे आमच्या हिला सांगितलं होतं, बाई, उन्हाळ्यात यात पाणी घालत जा. उन्हाळाच कशाला, ही बारा महिने घालायची — तुळशीला अर्धा तांब्या, खड्ड्याला अर्धा. मी वर्गात सांगायचो, आमच्या घरी विजेलाही नैवेद्य असतो. मुलं हसायची. मग दिवाळीआधी अंगणात फरशी घातली, हिचा पाय घसरू नये म्हणून, आणि खड्डा खाली गेला. ही म्हणाली होती, "अहो, खड्डा काहून बुजवून राहिले?" मी म्हटलं, वायर तर आत आहेच. आहेच की. पण माती कोरडी पडली की करंट जमिनीत उतरत नाही — तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. की नव्हतं? फळ्यावर लिहिण्यापुरतंच ठाऊक होतं का? आता माझं मलाच सांगता येत नाही.

महिन्यापूर्वी ही म्हणाली, नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, वय झालं गंगू, नसांचं आहे ते, नळाला कशाला दोष देतेस. गोळ्या आणल्या, लाल, व्हिटॅमिनच्या. रोज जेवणानंतर मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवतो. तिच्या आईचं एक अंग लुळं पडलं होतं, त्याचीही सुरुवात मुंग्यांनीच झाली — ही आठवणसुद्धा मीच करून दिली. मीच. मग ही साड्या वाटायला लागली. निळं इरकली लुगडं अबोलीला दिलं, लेकीला. म्हणाली, माझ्या हातानं दिलेलं बरं. आठ दिवस झाले, गीझरला हात लावत नाही, गॅसवर पातेलं ठेवते. मला वाटलं, जुनी सवय.

ऐक, विकास. ती शेजारी रुख्मिणीबाईंकडे गेलीय, येईल इतक्यात. तिला एवढंच सांग — गीझरची कॉइल गेली होती, बदलली. खोटं नाही ना ते? कॉइल तर गेलीच आहे. फरशीचा विषय काढू नकोस. मुंग्यांचं तर मुळीच नको. — पण मग ती गोळ्या घेतच राहील. अंगच चाललंय आपलं असं समजून साड्या वाटत राहील. नाही, असं करता येणार नाही. मीच सांगतो. आज नको. रविवारी अबोली येते, तेव्हा — नको, लेकीसमोर नको. तुझं लग्न झालंय का? तू कसं सांगितलं असतंस?

खाली काय बघतोस? — काय? अनिरुद्धनं नाही? मग कोणी बोलावलं तुला? दाखव तो मोबाइल. चष्मा — हां. हा तर तिचा नंबर. मंगळवारचा कॉल. काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग. ... "नळात करंट उतरून राहिला." बरं. "फरशीखाली खड्डा हाय." बरं. पुढे? ... "टेस्टर सरांच्या हाती द्या. त्यांचं त्यांना सापडू द्या."

मंगळवारी. आज शुक्रवार. काल जेवण झाल्यावर मी गोळी दिली, विकास. तिनं हात पुढे केला. पाणी मागितलं. माझ्यासमोर गिळली.

नाही, चहा नको म्हणू नकोस — म्हणजे, चहा नाहीच. मेन स्विच बंद ठेव आणि नीघ तू. तुझी ती पहार तेवढी इथं राहू दे, तुळशीजवळची फरशी मीच उखडतो. फाटक वाजलं बघ. जा म्हटलं ना.